मुरमाड, कस गेलेल्या जमिनीत पऱ्हाटीचा कोळसा आणि शेणखत: किती, कसे आणि कुठे?

बरड_शिवार

यवतमाळ जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. त्यातली खालची तीन एकर मध्यम काळी असून तिच्याबद्दल तक्रार नाही. वरची चार एकर मात्र उताराची आणि मुरमाड आहे. वीतभर मातीखाली मुरूम लागतो, पावसाने आठवडाभर उघडीप दिली की कपाशी माना टाकते, आणि जोराचा पाऊस झाला की टाकलेले खत मातीसकट नाल्याला जाते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के, सामू (पीएच) ७.८ आणि मुक्त चुनखडी मध्यम असे आले आहे.

दरवर्षी वेचणी संपली की आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून धुऱ्यावर (बांधावर) रचतो. थोडी चुलीला जाते, बाकीची मे महिन्यात पेटवून देतो. वडिलांच्या काळात गोठा भरलेला असे. आता एक बैलजोडी आणि एक गाय उरली आहे. शेणखत विकत घ्यावे तर ट्रॉलीत निम्मी माती येते आणि भाव दरवर्षी चढतो.

पऱ्हाटी जाळून राख करण्याऐवजी तिचा कोळसा, म्हणजे बायोचार, करून जमिनीत घातला तर कस वाढतो, असे अलीकडे बरेच ऐकतो. एका कंपनीचा माणूसही गावात येऊन गेला. पऱ्हाटी आम्हाला द्या, कोळसा करून तुमच्याच शेतात टाकू आणि वर पैसे देऊ, असे तो म्हणतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. शेणखत कमी करून कोळसा वापरता येईल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

कोरडवाहू

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. कोळसा हे खत नाही. पऱ्हाटीतले बहुतेक नत्र (नायट्रोजन) भट्टीतच उडून जाते. पालाश (पोटॅश) आणि थोडे स्फुरद (फॉस्फरस) राखेच्या रूपाने राहते, पण तेवढ्यासाठी कोणी कोळसा करू नये. कोळशाचा गुण त्याच्या सच्छिद्र रचनेत आहे. पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला त्यात भरपूर जागा असते, मात्र ती जागा आपण भरायची असते. कोळसा ही रिकामी कणगी समजा. धान्य शेणखताचे आणि गोमूत्राचे. कोरा कोळसा थेट रानात पसरला तर तो जमिनीतले उपलब्ध नत्र स्वतःकडे ओढून घेऊ शकतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळे पडलेले दिसू शकते.

आता हिशेब मांडतो, कारण या विषयावरील बहुतेक उत्साही लेख हिशेबापाशी गप्प होतात. कपाशीच्या एका हेक्टरमधून साधारण दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी सुमारे एक टन. साध्या भट्टीत किंवा खड्ड्यात वाळलेल्या वजनाच्या पाव हिस्सा कोळसा मिळाला तरी काम चांगले झाले असे समजावे. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाटीतून अडीचशे किलो कोळसा. एका एकरातील वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो भरते. अडीचशे किलो कोळसा त्यात सगळीकडे मिसळला, तर किलोभर मातीच्या वाट्याला जेमतेम पाव ग्रॅम येतो. संशोधन केंद्रांवरील पुष्कळ प्रयोगांमध्ये हेक्टरी दहा टन किंवा त्याहून अधिक मात्रा असते. हेक्टरी दहा टनांची मात्रा, म्हणजे चार टन, एका एकराला द्यायची झाली तर सोळा एकरांची पऱ्हाटी जाळावी लागेल. त्यामुळे त्या प्रयोगांतील उत्पादनवाढीचे आकडे आपल्या अडीचशे किलोंना लावता येत नाहीत.

याचा अर्थ अडीचशे किलो फुकट जातात असा नाही. ते पसरायचे नसतात, मुळाशी द्यायचे असतात. चार फुटी ओळीत फक्त सहा इंच रुंदीच्या पट्ट्यात ते टाकले, तर त्या पट्ट्यापुरती मात्रा आठपट होते, म्हणजे हेक्टरी पाच टनांच्या तोडीची. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथे गोमूत्र मुरवलेला कोळसा हेक्टरी अवघा ७५० किलो, तोही मुळांच्या कक्षेत, दिला होता. नुसते गोमूत्र दिलेल्या वाफ्यांच्या तुलनेत उत्पादन चौपट आले आणि नुसता कोळसा दिलेल्या वाफ्यांपेक्षा ८५ टक्के जास्त मिळाले. पीक भोपळ्याचे आणि जमीन तिथली, हे ध्यानात ठेवून चौपटीचा मोह सोडावा. मात्र कोळसा आणि मूत्र मुळांच्या जागी एकत्र आले तेव्हाच सर्वाधिक फरक पडला, हे त्यातून नक्की घ्यावे.

गोठेवाली

कोरडवाहू यांनी मूत्राचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्याकडे दुभती जनावरे आहेत आणि कोळसा भरण्याचे काम आम्ही गोठ्यातच करतो. जनावर जे नत्र बाहेर टाकते त्याचा मोठा भाग शेणात नसून मूत्रात असतो, आणि आपल्याकडे शेण जपले जाते, मूत्र मात्र गोठ्याच्या मातीत किंवा गटारात मुरते. पहाटे गोठा उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो उग्र वास येतो, तो आपल्या खताचाच हवेत जाणारा भाग आहे.

आम्ही कोळसा आधी ओला करून पोत्यात भरतो आणि पोते बडवून गव्हाच्या दाण्याएवढा बारीक करतो. कोरडा कुटू नये, कारण धूळ थेट छातीत जाते. मग गव्हाणीच्या विरुद्ध बाजूला, जिथे मूत्राची नाली वाहते तिथे, त्याचा बोटभर थर देतो आणि वर उरलेसुरले गवत टाकतो. दोन-तीन दिवसांनी तो थर खराट्याने ओढून शेणासोबत उकिरड्यात टाकायचा आणि नवा थर द्यायचा. वास लक्षणीय कमी होतो, माश्या कमी होतात. ओढताना हाताला लागणारा कोळसा जड आणि चिकट झालेला असतो, म्हणजे तो भरला. उकिरड्यात घमेल्याच्या मापाने चार-पाच भाग शेणाला एक भाग कोळसा पडतो. त्याहून जास्त घालण्याचे कारण मला तरी दिसलेले नाही.

उकिरडा खड्ड्यात हवा, वर सावली हवी आणि ओलावा असा हवा की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. पावसाळ्याआधी तीन-चार महिने त्याला कुजायला मिळाले पाहिजेत. अर्धकच्चे खत रानात गेले की हुमणी (मुळे खाणारी अळी) आलीच, आणि मग दोष कोळशाला दिला जातो. जनावरे कमी असल्यास पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत तुमच्या जिल्ह्यातलीच आहे. दहा बाय सहा बाय तीन फुटांच्या जाळीदार टाक्यात काडीकचरा, माती आणि थोडेसे शेणपाणी यांचे थर देताना प्रत्येक थरात कोळसा सहज बसतो.

पूर्णाकाठ

धाग्याची दिशा पटते. मात्र हा धागा वाचून आमच्या भागातल्या कोणी कोळसा रानात घालू नये म्हणून हा इशारा लिहीत आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट बसणारी) आहे आणि सामू साडेआठच्या पुढे जातो. कपाशीच्या पऱ्हाटीचा कोळसा स्वतःच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असतो. त्याचा सामू नऊच्या आसपास किंवा वर असतो आणि त्यातल्या राखेत क्षारही असतात. आमच्या जमिनीचे दुखणे सोडियमचे आणि निचऱ्याचे आहे. तिथे जिप्सम, चर काढून निचरा, आणि ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येताना गाडणे हाच मार्ग आहे. शेणखतही उपयोगी पडते, कारण कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करतात. कोळशाकडून हे काम होत नाही.

भारी काळ्या जमिनीतही मला कोळशाचे फारसे प्रयोजन दिसत नाही. तिथली चिकणमाती मुळातच अन्नद्रव्ये आणि पाणी धरण्यात पटाईत आहे.

जांभ्या

पूर्णाकाठ यांच्या नेमकी उलट परिस्थिती आमच्या रत्नागिरीकडे आहे. जांभ्या दगडाची लाल जमीन, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यामुळे चुना आणि पालाश धुऊन गेलेले, सामू साडेपाच-सहा, आणि घातलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियमने बांधून टाकलेले. अशा आम्लधर्मी जमिनीत कोळशाचा विम्ल गुण औषधासारखा लागू पडतो. उष्ण कटिबंधातील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोळशामुळे उत्पादनात सरासरी २५ टक्के वाढ दिसली, तर समशीतोष्ण देशांत सरासरी वाढ दिसलीच नाही. उष्ण कटिबंधातल्या जमिनी आम्ल आणि निकस असतात, हे त्याचे मुख्य कारण दिले गेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जी काळी माती सगळे दाखवतात, तीही अशाच आम्ल, निकस जमिनीत माणसांनी शेकडो वर्षे कोळसा, हाडे, राख आणि उकिरडा टाकून घडवलेली आहे. दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनीला तो दाखला जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते.

कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, कवळ म्हणून तोडलेल्या फांद्या आणि वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्यात भाजावळ केली जाते. तणाचे बी मरते, रोप जोमदार येते, परंतु शेणातले नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धुरात जातो आणि दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. तेच कवळ खड्ड्यात घालून कोळसा केला आणि शेण न जाळता त्यात मिसळले, तर रोपवाटिकेपुरता तरी हिशेब सहज जमतो. आमच्याकडे भातगिरणीजवळ काळा तूस मिळतो, तोही चालतो. पांढरी राख झालेला तूस घेऊ नये.

बरड_शिवार

सर्वांचे आभार. माझी जमीन या दोन टोकांच्या मध्ये येते असे दिसते: सामू आठच्या जवळ, पण चिकणमाती नाहीच. दोन शंका आहेत. पहिली, आमच्याकडे मे महिन्यात पिण्याच्या पाण्याची मारामार असते, मग भट्टी विझवायला पाणी आणायचे कुठून? दुसरी, कृषी सहायक म्हणतात की पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीतच गाडावी, कोळशाच्या भानगडीत पडू नये. त्यांचे म्हणणे मला चूक वाटत नाही.

कोरडवाहू

कृषी सहायकांचे म्हणणे चूक नाही. जिथे ट्रॅक्टरचलित श्रेडर भाड्याने मिळतो, जमीन मध्यम-भारी आहे आणि ओल आहे, तिथे पऱ्हाटी बारीक करून कुजवणेच श्रेयस्कर आहे. उसाच्या पाचटाबाबत तर मी कोळशाचे नावही काढणार नाही. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू संवर्धन देऊन पाचट सरीत कुजवता येते. पुण्याच्या आरती संस्थेने पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी बनवली आणि तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कारही मिळाला, परंतु तो कोळसा जळणाच्या कांड्यांसाठी होता. पऱ्हाटीचे तसे नाही. ती लाकडासारखी टणक, कर्बाच्या मानाने नत्र अत्यल्प, आणि तुमच्या वीतभर कोरड्या मातीत ती वर्षभर तशीच पडून राहते, वखराला अडकते. शिवाय धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत, न फुटलेल्या किडक्या बोंडांमध्ये, गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. फरदड (त्याच झाडांचा पुढचा बहर) न घेता वेचणी संपताच पऱ्हाटीची विल्हेवाट लावावी असे कृषी खाते सांगते ते यासाठीच. म्हणून कोळसा करायचा तर मे महिन्याची वाट पाहू नये. जानेवारी-फेब्रुवारीत, पऱ्हाटी कडकडीत वाळली की करावा. तेव्हा विहिरीला पाणीही असते.

पद्धत सोपी आहे. वर पाच फूट रुंद आणि मध्ये अडीच फूट खोल, असा कढईच्या आकाराचा खड्डा घ्यावा. तळाशी थोडी काडी रचून ती वरून पेटवावी, म्हणजे ज्वाळा वर राहते आणि खालून निघणारा धूर तिच्यात जळून जातो. काड्यांवर पांढुरकी राख धरू लागली की लगेच पऱ्हाटीचा पुढचा पातळ थर द्यायचा. घाईने मोठा भारा टाकला की ज्वाळा दबते आणि धूर सुटतो. फार उशीर केला की नुसती राख होते. सगळे कौशल्य या वेळ साधण्यात आहे. खड्डा भरला आणि शेवटच्या थरावर राख धरू लागली की विझवायचे. पाणी कमी असेल तर शेण कालवलेले पाणी कडेकडेने ओतावे. तेही नसेल तर ओलसर मातीचा चांगला जाड थर देऊन सगळी हवा कोंडावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडावे. उघडताना बादलीभर पाणी हाताशी ठेवावे, कारण आतला निखारा हवा लागताच पुन्हा पेटतो. वारा असताना हे काम करू नये आणि शेजाऱ्याची गव्हाची गंजी जवळ असेल तर मुळीच करू नये. चांगला कोळसा दोन बोटांत मोडताना खट्‌ असा आवाज येतो आणि हाताला लागलेली काळिख साबणाशिवाय धुतली जाते. हात तेलकट राहिले तर कोळसा कच्चा आहे, तो पुढच्या खेपेला खड्ड्यात घालावा.

तुमच्या सामूबद्दल: ओळीत अडीचशे किलो, तेही शेणखतात मुरवलेला, या मात्रेने चुनखडीयुक्त जमिनीच्या सामूत मोजण्याजोगा फरक पडणार नाही. पूर्णाकाठ यांची भीती मोठ्या मात्रेला आणि चोपण जमिनीला पूर्णपणे लागू आहे. मुरमाड जमिनीत मला या कोळशाकडून पाणी थोडे अधिक काळ टिकणे आणि खत मुळांपाशी थांबणे, एवढीच अपेक्षा आहे, आणि तीही दोन-तीन वर्षे सातत्याने घातल्यावर.

पूर्णाकाठ

ओळीतल्या मात्रेबाबत माझा आक्षेप नाही. पण उताराच्या जमिनीत बांधबंदिस्ती आधी करावी, असे सुचवेन. कोळसा पाण्यावर तरंगतो. उघडा राहिला तर पहिल्या वळवालाच नाल्यात जाईल. उताराला आडवी पेरणी, मुरवलेला कोळसा सरीत टाकून त्यावर माती, आणि शक्य असेल तर धरणातला गाळ. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत शेतकऱ्यांनी गाळ नेला आहे. मुरमाड जमिनीला जी चिकणमाती हवी आहे ती गाळात मिळते, कोळशात नाही. मात्र गाळाचेही परीक्षण करून घ्यावे. आमच्याकडचा खारट गाळ नेऊन पस्तावू नये.

जांभ्या

मेंढ्या बसवण्याचा विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले. तुमच्या भागात धनगरांचे कळप उन्हाळ्यात येत असतील तर चार रात्री रानात बसवून घ्या. लेंडी आणि मूत्र दोन्ही जागेवर पडते, वाहतूक शून्य, आणि ट्रॉलीतली माती विकत घ्यावी लागत नाही. त्याच आठवड्यात हलकी वखरणी केली की नत्र उडून जाणे कमी होते.

बरड_शिवार

मेंढ्यांची सूचना मनापासून पटली. कळप येतात, आम्हीच बोलावणे सोडले होते. कंपनीच्या कराराबद्दल कोणी लिहिले नाही. तसेच, फरक पडला की नाही हे कळणार कसे? मी पुन्हा माती परीक्षण केले तर कर्ब वाढलेला दिसेल का?

कोरडवाहू

करार वाचल्याशिवाय कोणीच सल्ला देऊ शकणार नाही, पण काय वाचायचे ते सांगता येईल. कोळशातला कर्ब शेकडो वर्षे जमिनीत टिकतो म्हणून त्याची पतपत्रे (कार्बन क्रेडिट) विकली जातात; पैसा तिथून येतो. त्यामुळे पतपत्रांवर हक्क कोणाचा, पऱ्हाटीचा दर टनाला किती आणि वजन कोण करणार, तयार कोळशापैकी किती तुमच्याच रानात पडणार, आणि तो कोरा पडणार की खतात मुरवून, हे चार मुद्दे लेखी असावेत. कंपनीला कोळसा जमिनीत गेल्याशी मतलब आहे; तुमची कपाशी पिवळी पडली तर तो तिचा प्रश्न नाही. कोळसा कोराच मिळणार असेल तर तो उकिरड्यात घालण्याची मुभा करारात मागून घ्या.

मातीच्या अहवालावर विसंबू नका. अडीचशे किलो कोळशात दीडशे-एकशेसाठ किलो कर्ब असतो, म्हणजे नऊ लाख किलो मातीत ०.०२ टक्केही नाही. त्यातही आपल्या प्रयोगशाळांतून सर्रास वापरली जाणारी वॉकली-ब्लॅक पद्धत कोळशातला कर्ब पूर्ण मोजत नाही. पीकच विचारावे लागेल. चार एकरांतला एक सारखा तुकडा निवडून त्याचे शेजारीशेजारी तीन पट्टे पाडा: एकात नेहमीची खते, दुसऱ्यात त्यासोबत शेणखत, तिसऱ्यात तेवढेच शेणखत कोळशात मुरवून. प्रत्येक पट्टा वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत न्या. पट्टे एकाखाली एक पाडले तर वरच्याचे धुपलेले खत खालच्याला मिळते आणि सगळा ताळा फसतो. वाण एक, पेरणी एकाच दिवशी, आणि प्रत्येक पट्ट्याची वेचणी वेगळी मोजून वहीत लिहा. पावसाच्या उघडिपीत कोणता पट्टा दुपारी आधी सुकतो, हेही लिहा. तुमच्या जमिनीत खरा फरक आधी तिथेच दिसेल.

गोठेवाली

एक राहिलेली बाब. उगवणीपूर्वीचे तणनाशक वापरत असाल तर ताजा कोळसा ते शोषून घेतो आणि तण हटत नाही, मग लोक मात्रा वाढवतात. तीनही पट्ट्यांत या हंगामापुरते तणनाशक टाळून डवरणी आणि निंदण केलेले बरे, म्हणजे तुलना स्वच्छ राहील.